आधी समोरच्यांची बाजू

थोरली : मी तसं म्हटलंच नाही.

धाकटी : म्हटलंस, ताई. माइकवर, नगरपरिषदेच्या भरल्या सभागृहात. "तंत्रशाळेचं वर्कशॉप बंद करणं हाच आजच्या परिस्थितीत शहाणपणाचा मार्ग आहे." मी मागच्या रांगेत होते, शब्द न् शब्द ऐकला.

थोरली : ते माझं म्हणणं नव्हतं, त्यांचं होतं. आधी समोरच्यांची बाजू मांडायची, त्यांना स्वतःला जमणार नाही इतकी नीट मांडायची, आणि मग एकेक मुद्दा घेऊन ती पाडायची. पाडायला मी सुरुवातच करणार होते.

धाकटी : आणि घंटा झाली.

थोरली : तीन मिनिटांत घंटा होते हे मला कोणी सांगितलं? आमच्या वादविवादात आठ मिनिटं असतात.

धाकटी : दारावर पाटी आहे. चांगली हातभर लांब.

थोरली : पाटी कुठे वाचत बसू? मी मनातल्या मनात मुद्दे घोकत होते.

धाकटी : अध्यक्षबाई काय म्हणाल्या ते तरी ऐकलंस ना? "धन्यवाद. तरुण पिढीही प्रस्तावाच्या बाजूने आहे हे पाहून बरं वाटलं." आणि टाळ्या.

थोरली : टाळ्या बोलण्याच्या पद्धतीला होत्या.

धाकटी : माझ्या वर्गातल्या चौघी शेजारी बसल्या होत्या. त्यांनी नाही वाजवल्या.

थोरली : कुठायत त्या?

धाकटी : खाली पायऱ्यांवर. बुटकी रडतेय. शिंप्याची मुलगी म्हणाली, तुझ्या बहिणीला त्यांनी फितवलं.

थोरली : मला? मी जाते खाली, समजावून सांगते त्यांना.

धाकटी : नको. तू समजावायला लागलीस की आधी अध्यक्षबाईंचं कसं बरोबर आहे ते सांगशील.

थोरली : एवढं टोचून बोलू नकोस गं. मला आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

धाकटी : मला काय झालं असेल? मीच सगळ्यांना म्हटलं होतं ना, माझी ताई वरच्या शाळेतून शिकलीय, आता कॉलेजात आहे, ती बोलली की समोरचा गप्प होतो. तुला घेऊन यायची गळ मीच घातली.

शिपाई : पोरींनो, बाकावर बसा बरं, वाटेत उभ्या राहू नका. जेवणाची सुट्टी झालीय, साहेबलोक याच बाजूनं खाली जातात. आणि तुम्ही हो ताई, झकास बोललात. या दारावर माझे केस पिकले, पण इतकं मुद्देसूद बोलणारं माणूस विरळा. इंजिनिअरसाहेब म्हणत होते, आम्हाला आमचाच प्रस्ताव इतका चांगला आहे हे माहीत नव्हतं.

थोरली : काका, मी विरोधात बोलायला आले होते.

शिपाई : कशाच्या?

थोरली : प्रस्तावाच्या. वर्कशॉप बंद करू नका, असं सांगायला.

शिपाई : मग सांगितलं का नाहीत?

थोरली : वेळ संपली.

शिपाई : वेळ सगळ्यांचीच संपते हो. म्हणून लोक मुद्द्याचं आधी बोलून घेतात. मागं गटाराच्या सुनावणीला एक दूधवाले आले होते. माइक धरला, "वास येतो" म्हणाले, आणि खाली बसले. महिन्याभरात झाकणं बसली.

थोरली : मला दुपारी परत दोन मिनिटं मिळतील? फक्त दुरुस्ती म्हणून. नाहीतर मी बाईंना आत्ताच जाऊन भेटते.

शिपाई : बाई जेवायला बसल्या. आणि एका माणसाला माइक एकदाच, हा नियम. नाहीतर आमच्याकडे काही पेन्शनर आहेत, ते घरी जाणारच नाहीत. दुपारच्या सत्राला मात्र जागा आहे. सकाळी ज्यानं तोंड उघडलं नाही त्यानं चिठ्ठीवर नाव लिहून माझ्याकडं द्यायचं. ही कोण, धाकटी का तुमची?

थोरली : हो. ही तंत्रशाळेतच आहे. शेवटचं वर्ष राहिलंय हिचं.

शिपाई : मग हिनंच द्यावं की नाव.

धाकटी : मी नाही.

शिपाई : बरं. हे चिठ्ठ्यांचं पॅड इथं ठेवतो. मी चहा पिऊन येतो, तोवर तुमचं तुम्ही ठरवा. पॅड तेवढं जागेवर राहू दे, पोरं विमानं करतात त्याची.

थोरली : ऐकलंस? तू देऊ शकतेस नाव.

धाकटी : ऐकलं. मी नाही.

थोरली : का पण?

धाकटी : मी अजून सोळाची आहे. अठरा लागत असतील.

थोरली : अठरा मतदानाला लागतात. बोलायला काही लागत नाही. नियम वाचलेत मी.

धाकटी : पाटी सोडून.

थोरली : हो, पाटी सोडून. आता किती वेळ तेच उगाळणार आहेस?

धाकटी : ताई, आमच्याकडे असं बोलायचं नसतं.

थोरली : कोणी सांगितलं?

धाकटी : कोणी सांगत नाही. माहीतच असतं. काही अडलं तर गटप्रमुखाला सांगायचं. तो सरांच्या कानावर घालतो. सरांना वाटलं तर सर मोठ्या सरांकडे नेतात. मशीन चालू असताना बोलायचं नाही, हा पहिला नियम, तो बरोबरच आहे, बोट जाईल एखाद्याचं. आणि मशीन बंद असलं की सर बोलतात.

थोरली : मग तुम्ही कधी बोलता?

धाकटी : बसस्टॉपवर.

थोरली : मग या प्रस्तावाचं गटप्रमुखाला सांगितलंत का?

धाकटी : सांगितलं. तो म्हणाला, शेजारच्या शहरातल्या वर्कशॉपला बसनं जायला मला काही अडचण नाही. मुलग्यांना कोणालाच नाही. उलट दोघंतिघं खूश आहेत, तिथे थिएटर आहे म्हणून. मग आम्ही पाचही जणी सरांकडे गेलो. सर चांगले आहेत गं. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, मी कंत्राटावर आहे. तुम्ही मला काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही.

थोरली : आणि पुस्तकात? नागरिकशास्त्र तर तुम्हालाही होतं.

धाकटी : होतं. नववीपर्यंत. रांग मोडू नये, सार्वजनिक मालमत्ता जपावी, कर वेळेवर भरावा. हक्कांचा धडा ऑप्शनला होता.

थोरली : ऑप्शनला?

धाकटी : परीक्षेत त्याला दोनच मार्क असायचे. सर म्हणायचे, तेवढ्या वेळात ड्रॉइंगचा सराव करा. आम्ही केला. माझं ड्रॉइंग चांगलंय.

थोरली : आम्ही त्या एका धड्यावर अख्खं वर्ष काढलं. अभिरूप संसद केली, वर्गाची निवडणूक केली, प्रचाराची पत्रकंसुद्धा काढली. याच सभागृहात आलो होतो आम्ही. मला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवून फोटो काढला होता. तुला दाखवला होता ना?

धाकटी : बघितलाय. आमचीपण सहल आली होती इथे.

थोरली : हो? तू कधी सांगितलं नाहीस.

धाकटी : सहल म्हणजे, मागच्या जिन्यानं आलो. बाल्कनीचा कठडा हलत होता, तो बसवायला. दोन दिवस लागले. सभा चालू होती म्हणून आवाज न करता काम करायचं होतं. एकदा माझ्या हातून पाना पडला, तर खालचे सगळे वर बघायला लागले. मी कठड्यामागे खाली बसले.

थोरली : तू का लपलीस? काम करत होतीस ना?

धाकटी : आपण दिसायचं नसतं, असं वाटलं.

थोरली : अगं वेडे, ते लोक आपल्यासाठी तिथे बसलेत. आपण त्यांना बसवलंय.

धाकटी : तुम्ही बसवलंय. फोटोत तूच होतीस त्या खुर्चीत.

थोरली : बरं, भांडायला वेळ नाही. मी तुला भाषण लिहून देते, तू नुसतं वाचायचं. तीन मिनिटं म्हणजे दीड पान. दे ते पॅड इकडे.

धाकटी : पॅड जागेवर ठेवा म्हणाले ते.

थोरली : दोन कागदांनी काय होतंय. थांब जरा, बोलू नकोस मध्ये.

धाकटी : मी बोलतच नाहीये.

थोरली : झालं. सुरुवात ऐक. "सन्माननीय अध्यक्ष महोदया आणि उपस्थित नागरिकहो, नगरपरिषदेवर पडणारा खर्चाचा ताण कोणीही नाकारू शकणार नाही. जुनी यंत्रं, गळकं छप्पर आणि घटती विद्यार्थिसंख्या पाहता…" काय झालं? असं काय बघतेस?

धाकटी : परत त्यांचंच.

थोरली : पुढे वळण आहे. चौथ्या ओळीला.

धाकटी : ताई, तुला आपलं आधी बोलताच येत नाही का?

थोरली : येतं. असं कसं येत नाही? पण एकदम आपलंच रेटलं तर ते अडाणीपणाचं वाटतं. आमच्या बाई म्हणायच्या, जिला दुसरी बाजू मांडता येत नाही तिला स्वतःची बाजू कळलेलीच नसते. आणि ते खरं आहे. मला दिसतं ना त्यांचं म्हणणं. वर्कशॉपचं छप्पर खरंच गळतंय. शेजारच्या शहरातली यंत्रं खरंच नवी आहेत.

धाकटी : मलाही दिसतं. छप्पर माझ्याच डोक्यावर गळतं. पण म्हणून मी त्यांच्याकडून बोलत नाही.

थोरली : मी त्यांच्याकडून बोलत नव्हते.

धाकटी : तुझा तो चषक आठवतो? टीव्हीवर ठेवलेला.

थोरली : त्याचं काय इथे?

धाकटी : "व्यवसायशिक्षण हे शिक्षणच नव्हे." त्या विषयावर मिळाला तो. आठवडाभर रोज संध्याकाळी मला समोर बसवून तू ते भाषण म्हणायचीस. मी घड्याळ लावून बसायचे. तेव्हाही आठच मिनिटं होती.

थोरली : अगं, ती स्पर्धा होती. चिठ्ठी उचलायची आणि जी बाजू येईल ती मांडायची. विरोधाची चिठ्ठी आली असती तर तेवढ्याच जोरात उलटं बोलले असते.

धाकटी : माहितीय.

थोरली : मग?

धाकटी : तुला चिठ्ठीत बाजू आली. मला शाळाच ती आली. तुझं भाषण संपलं की तू जेवायला उठायचीस. मला दुसऱ्या दिवशी बूट घालून तिथेच जायचं असायचं. "हाताला वळण लागतं, पण बुद्धीला गंज चढतो," हे वाक्य तुला सुचलं तेव्हा तू मला विचारलं होतंस, कसं आहे म्हणून.

थोरली : तू चांगलं आहे म्हणाली होतीस.

धाकटी : वाक्य चांगलंच होतं.

थोरली : तेव्हा का नाही बोललीस काही? तोंडावर सांगायचंस ना, ताई, मला लागतंय म्हणून.

धाकटी : तू भाषण करत होतीस. मी घड्याळ धरलं होतं.

थोरली : खरंच, माझ्या डोक्यातही आलं नाही गं. घरात तूच एक ऐकणारी होतीस, एवढंच मला दिसत होतं. मला फार वाईट वाटतंय.

धाकटी : वाटू दे थोडं. मग उठ आणि काहीतरी कर.

थोरली : काय करू? माझा माइक गेला. आणि खरं सांगू का, मघाशी घंटा झाली नसती तरी मी नक्की काय बोलले असते, कोण जाणे. मुद्दे होते, सगळे ओळीनं होते. पण माइकवरून खाली येताना मी एवढाच विचार करत होते, की छान झालं. तू दिसलीस तेव्हा कळलं की काहीतरी बिनसलंय.

धाकटी : तुला काय वाटतं, ताई? मुद्दे सोड. वर्कशॉप गेलं तर बाबा मला अंधारात दोन बस बदलून येऊ देणार नाहीत. घरी बस, शिवण शीक, असं त्यांनी कालच सांगितलं. मी घरी बसावं असं तुला वाटतं का?

थोरली : नाही.

धाकटी : एवढंच म्हणायचं होतंस.

थोरली : आता तू म्हण.

धाकटी : परत तेच.

थोरली : परत तेच. आत्ता मला तू सरळ विचारलंस ना, तुला काय वाटतं म्हणून? तसंच त्यांना विचार. मला फैलावर घेताना तुझी जीभ कुठे अडखळली नाही.

धाकटी : तू ताई आहेस. ते साहेब आहेत.

थोरली : काय करतील ते? सांग ना. आत गेलीस, बोललीस, तर होऊन होऊन काय होईल?

धाकटी : नाव लिहून घेतील. शाळेत कळवतील. मोठे सर म्हणतील, आम्हाला न विचारता कशी गेलीस. सर्टिफिकेट अडवतील.

थोरली : सुनावणीत बोलली म्हणून कोणी सर्टिफिकेट अडवू शकत नाही. हे मला नक्की माहितीय, पाठ आहे मला, आणि याला दुसरी बाजू नाही. अडवलं तर मी रोज मोठ्या सरांच्या दारात जाऊन बसेन. ते मला जमतं. चिवटपणा आमच्याकडे शिकवतात.

धाकटी : आणि घशाला कोरड पडली तर? मला चारचौघांत "हजर" म्हणायलासुद्धा धाप लागते.

थोरली : पडू दे. पाणी असतं तिथे टेबलावर, मागायचं. घाबरलेलं माणूस बोलू शकत नाही असं थोडंच आहे? मी दर वेळी घाबरते. आज सकाळी माझे गुडघे आपटत होते.

धाकटी : दिसलं नाही.

थोरली : टेबल असतं पुढे.

शिपाई : काय ठरलं मग? लोक यायला लागले आत. दोनच चिठ्ठ्या आल्यात दुपारच्या, त्यातली एक त्या पेन्शनरांची, ती मी परत देणार आहे.

धाकटी : काका, एक विचारू? आमच्या सरांची परवानगी लागेल का? म्हणजे शिक्का असलेलं पत्र वगैरे.

शिपाई : कशाला?

धाकटी : बोलायला.

शिपाई : नाही बाळ. इथं कोणी मागत नाही. एवढ्या वर्षांत हे विचारणारी तू पहिलीच. वरच्या शाळेची पोरं येतात, ती तर मला विचारतात, आमची खुर्ची कुठली.

थोरली : काका.

शिपाई : तुम्हाला नाही म्हणत हो ताई. म्हणजे, तुम्हालाच म्हणतोय, पण मनाला लावून घेऊ नका.

धाकटी : आणि चिठ्ठीवर काय लिहायचं?

शिपाई : नाव, आणि बाजूने की विरोधात. बास.

धाकटी : ताई, पेन दे.

थोरली : भाषण घे हे. पहिल्या तीन ओळी खोडल्यात मी.

धाकटी : भाषण नको. पेन दे फक्त.

थोरली : मग बोलशील काय?

धाकटी : माहीत नाही. तू खाली जा आणि त्या चौघींना वर घेऊन ये. त्यांना सांग, परवानगी लागत नाही. एवढंच सांग, बाकी काही समजावू नकोस. बुटकीला आधी पाणी दे.

थोरली : आणि शिंप्याच्या मुलीला?

धाकटी : तिला सांग, फितवलं नव्हतं, वेळ संपली. ती हसेल, मग तूही हस.

(सभागृह, दुपारचं सत्र. धाकटी माइकसमोर उभी आहे.)

धाकटी : बोलू का?

अध्यक्षबाई : तुमचंच नाव पुकारलं ना? बोला. जरा जवळ या, माइक उंच आहे तुम्हाला.

शिपाई : थांबा बाई, मी खाली करतो. हां. आता बोल.

धाकटी : मी तंत्रशाळेत शिकते. वर्कशॉप बंद करू नका.

अध्यक्षबाई : झालं?

धाकटी : नाही. ते आधी सांगून ठेवलं.

अध्यक्षबाई : बरं. पुढे?

धाकटी : आमच्या वर्गात आम्ही पाच मुली आहोत. वर्कशॉप शेजारच्या शहरात गेलं तर मुलगे बसनं जातील. आम्ही नाही जाणार. म्हणजे जाऊ देणार नाहीत. संध्याकाळचा तास संपला की अंधार होतो, आणि दोन बस बदलायच्या. पाचही घरांत सांगून झालंय. मला पाणी मिळेल का?

अध्यक्षबाई : द्या हो त्यांना. सावकाश.

धाकटी : माझे बाबा वाईट नाहीत. त्यांना काळजी वाटते. ते म्हणाले, शिवण शीक. शिवण चांगलंच असतं, पण मला लेथ मशीनवरचं काम आवडतं. मला ते शाळेनं दिलं तेव्हा आवडलं नव्हतं. वरच्या शाळेला मार्क कमी पडले म्हणून मी तंत्रशाळेत गेले. पण आता आवडतं. एक वर्ष राहिलंय.

अध्यक्षबाई : तुमची अडचण समजली. पण प्रस्तावात मुलींच्या वाहतुकीचा उल्लेख आहे. शक्य तेव्हा स्वतंत्र बसची सोय करण्यात येईल, असं स्पष्ट लिहिलंय.

धाकटी : शक्य तेव्हा म्हणजे कधी?

अध्यक्षबाई : ते नंतर ठरेल.

धाकटी : मग वर्कशॉपपण नंतर बंद करा. आधी बस सुरू होऊ दे. मी उद्धटपणे बोलत नाहीये, मला खरंच असं वाटतं.

अध्यक्षबाई : उद्धट नाही. टाळ्या नकोत कृपया, मागे शांतता ठेवा. हे लिहून घ्या हो. "आधी बस." आणखी काही?

धाकटी : छप्पर गळतं हे खरं आहे. सकाळी जी बोलली ती माझी बहीण आहे. ती तुमच्या बाजूची नाही. तिनं तुमचं म्हणणं आधी सांगितलं, कारण तिच्या शाळेत तसं शिकवतात. तिचं उरलेलं राहिलं. ते मी सांगणार नाही, मला ते पाठ नाही. पण तिचं नाव बाजूने लिहिलं असेल तर खोडा.

अध्यक्षबाई : तिचं म्हणणं तिनं सांगितलं तसंच नोंदीत राहील. तुम्हाला खोडता येणार नाही.

धाकटी : मग त्याच्याखाली लिहा, की बहीण म्हणते, तसं नव्हतं.

अध्यक्षबाई : ते लिहिता येईल. आता तुमचं. विरोधात, बरोबर? आणि कोणाच्या वतीने लिहू, शाळेच्या?

धाकटी : शाळेच्या नको. शाळेला माहीत नाही मी इथे आहे ते.

अध्यक्षबाई : मग तुमच्या वर्गातल्या मुलींच्या वतीने?

धाकटी : त्या बाहेर चिठ्ठ्या लिहितायत. त्यांचं त्या सांगतील.

अध्यक्षबाई : पालक? एखादी संघटना? मला इथे काहीतरी लिहावं लागेल. तुम्हाला पाठवलंय कोणी?

धाकटी : कोणी नाही. माझी मी आले.